लोअर, अप्पर, सुपर!

पॉप स्टारच्या मागे नाचणारे सगळ्यांना दिसतात, त्यांना नाचवणारा कुणालाच दिसत नाही. कोरिओग्राफर ते क्रिएटिव्ह डायरेक्टर या करिअरचा नकाशा समजून घ्यायचा असेल, तर एक संध्याकाळ बिबवेवाडीत काढा.

संध्याकाळी सातनंतर बिबवेवाडीत फिरताना एक काम करा. दुकानांच्या पाट्या सोडा, मान वर करून पहिल्या मजल्याकडे बघा. खाली मेडिकल, स्वीट मार्ट, मोबाइल रिपेअरिंग. वर खिडकीच्या काचेवर चिकटवलेली अक्षरं : बॉलिवूड, हिपहॉप, कंटेम्पररी, झुंबा. ट्यूबलाइटच्या उजेडात वीस हात एकदम वर जातात, एकदम खाली येतात. एकविसावा थोडा उशिराच. आणि ट्रॅफिकच्या आवाजावर मात करत आरोळी येते, ‘फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट!’

कोथरूडला संस्कृती, कोरेगाव पार्कला नाइट लाइफ आणि बिबवेवाडीला? उत्तर सोपं आहे. बिबवेवाडीला सगळंच थोडं थोडं. एका अंगाला मार्केट यार्ड, दुसऱ्या अंगाला सातारा रोड, मध्ये व्यापाऱ्यांचे टू-थ्री बीएचके आणि चढावर इंदिरानगरची दाट वस्ती. या इंदिरानगरचेही भाग तीन : लोअर, अप्पर आणि सुपर! ‘अप्पर’ची बस स्वारगेटला पकडणाऱ्याला यात काही गंमत वाटत नाही. पण पहिल्या मजल्यावरच्या त्या सरांच्या करिअरलाही हीच तीन नावं फिट बसतात. बघा पटतंय का.

लोअर : संगीत, गॅदरिंग आणि गुडघे

डान्स क्लासचं भाडं बॅचच्या फीमधून निघतं, पण घर चालतं ते संगीतवर. इथलं संगीत म्हणजे लग्नाच्या आदल्या रात्रीचं. मार्केट यार्डाच्या आसपास गुजराती, मारवाडी, जैन कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात आणि आता मराठी घरांतही हळदीइतकंच संगीत मस्ट झालंय. म्हणजे सरांचे पॉप स्टार कोण? नवरी, नवरदेव, नवरदेवाचे काका आणि ‘मला नाही हं जमणार’ म्हणत सगळ्यात पुढे उभी राहणारी आत्या.

हसण्यावारी नेऊ नका. पाच दिवसांत, वेगवेगळ्या वयाच्या, कधीही न नाचलेल्या पंधरा माणसांना तीन मिनिटं स्टेजवर बरं दिसायला लावणं ही कोरिओग्राफीची खरी परीक्षा आहे. काकांचा गुडघा दुखतो, मग काका मध्यभागी उभे राहतात आणि बाकीचे त्यांच्याभोवती फिरतात. जिला बीट कळतो ती पुढे, ज्याला नाही तो दुसऱ्या रांगेत. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे ती भलत्याच मोठ्या स्टेजवर भेटणार आहे.

डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंग, लगीनसराईत संगीत, मधूनच एखाद्या आयटी कंपनीचा अॅन्युअल डे. चातुर्मासात मुहूर्त नाहीत, त्यामुळे शुकशुकाट. भाडं मात्र बाराही महिने. शिवाय शरीर हेच भांडवल. चाळिशी आली की तेही कुरकुरतं. ऑफिस सुटल्यावर क्लासला येणारे आपल्यातले अनेक जण मनात एकदा तरी ‘जॉब सोडून हेच करू का?’ म्हणतात. त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

अप्पर : जिची स्टेप शेवटच्या बाकापर्यंत पोचते

मराठीत या पायरीचं ठळक नाव म्हणजे फुलवा खामकर. लेखक अनिल बर्वे यांची ही मुलगी. आधी जिम्नॅस्ट, त्यातला शिवछत्रपती पुरस्कार नावावर. मग १९९७ मध्ये तिने ‘बूगी वूगी’ जिंकलं. सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं, टाळ्या वाजवल्या. पण स्पर्धा जिंकणारी डान्सर आणि दुसऱ्याला नाचवणारी कोरिओग्राफर यांत मोठं अंतर असतं. १ जानेवारी २०१० रोजी ‘नटरंग’ रिलीज झाला आणि ते अंतर तिने किती कापलंय हे महाराष्ट्राला कळलं. अजय-अतुलचं संगीत आणि दोन लावण्या : सोनाली कुलकर्णीची ‘अप्सरा आली’ आणि अमृता खानविलकरची ‘वाजले की बारा’. दोन्हींची नृत्यं फुलवाची.

त्यानंतरच्या गॅदरिंगांना जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. ‘अप्सरा’ नाही असं गॅदरिंग शोधून सापडायचं नाही! कोरिओग्राफरचं यश मोजायचं माप हेच. स्टारवर स्टेप शोभली पाहिजे आणि शेवटच्या बाकावरच्या मुलीला ती दोन दिवसांत जमलीही पाहिजे.

फराह खानचा रस्ताही याच पायरीवरून पुढे गेला. २००६ च्या एमटीव्ही अॅवॉर्ड्समध्ये शकिराने ‘हिप्स डोन्ट लाय’ बॉलिवूड ढंगात सादर केलं, त्यासाठी तिला तयार केलं ते फराहने. तोवर ती ‘मैं हूँ ना’ (२००४) दिग्दर्शित करून मोकळी झाली होती. गाण्याची फ्रेम सांभाळणाऱ्या बाईला अख्ख्या सिनेमाची फ्रेम दिसायला लागली होती. इथूनच तिसरी पायरी सुरू होते.

सुपर : रॉकेट कुणाच्या डोक्यातून आलं?

१ नोव्हेंबर १९९६. मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकेल जॅक्सन आला. त्याच्या ‘हिस्टरी’ टूरची सुरुवातच अशी की स्टार चालत येत नाही, तो थेट रॉकेटमधून अवतरतो. आता सांगा, रॉकेट ही स्टेप आहे का? नाही. पण कुणीतरी ठरवलं की स्टार असाच यायचा, अमुक सेकंदाला दार उघडायचं, तोवर लाइट कमी ठेवायचे, पहिलं गाणं हेच घ्यायचं. गाण्यांचा क्रम, सेट, कपडे, ते बदलायला मिळणारा वेळ, स्क्रीनवरची दृश्यं, कॅमेरा कुठे, बजेट किती, कोण पडू शकेल. हे सगळं एका डोक्यात धरणारा माणूस म्हणजे क्रिएटिव्ह डायरेक्टर.

तिथे पोचण्याचा शॉर्टकट नाही, हे व्हिन्सेंट पॅटरसनकडे बघून कळतं. १९८३ च्या ‘बीट इट’मध्ये तो नाचणाऱ्यांपैकी एक. त्याच वर्षी ‘थ्रिलर’वर मायकेल पीटर्सचा असिस्टंट. १९८८ च्या ‘स्मूथ क्रिमिनल’ला कोरिओग्राफर. आणि १९९० मध्ये मॅडोनाच्या ‘ब्लॉण्ड अॅम्बिशन’ टूरचा डायरेक्टर. सात वर्षांत लोअर, अप्पर, सुपर!

आणि पॅरिस गोबेल? न्यूझीलंडच्या ऑकलंडची पोरगी. पंधराव्या वर्षी शाळा सोडली, मैत्रिणींचा ग्रुप केला, पुढे स्वतःचा स्टुडिओ काढला. २०१५ मध्ये जस्टिन बीबरच्या ‘सॉरी’चा व्हिडिओ तिने बसवला आणि दिग्दर्शितही केला. त्यात बीबर स्वतः दिसतच नाही, नाचतात त्या हिच्या मुली. यूट्यूबवर तो तीन अब्जांहून जास्त वेळा पाहिला गेला. २०२३ मध्ये सुपर बोलला रिहाना गायली, तिचीही कोरिओग्राफी पॅरिसची. रिहाना तेव्हा गरोदर होती. मग उड्या मारायला कोण? पांढऱ्या कपड्यांतला डान्सर्सचा ताफा. लाल कपड्यांतली स्टार मध्ये जवळपास स्थिर, सगळी हालचाल तिच्याभोवती.

ओळखीचं वाटलं ना? आपले गुडघेदुखीवाले काका!

ट्रेनिंग इथेच, टेकडीच्या अंगाला

मग बिबवेवाडीतून कुणी ‘सुपर’ला का जाऊ नये? ट्रेनिंग तर इथेच मिळतं. अप्पर इंदिरानगरमध्ये व्हीआयटी कॉलेज आहे, १९८३ पासूनचं. आणि पुण्याच्या कॉलेजांत १९७४ पासून फिरोदिया करंडक आहे. नाटक, नृत्य, गाणं, वाद्यं, चित्रकला, जमेल ती कला एका गोष्टीत गुंफून स्टेजवर आणायची, अशी ही स्पर्धा. इंजिनिअरिंगच्या सबमिशन सांभाळून रात्री-बेरात्री तालमी करणारी मुलं नकळत क्रिएटिव्ह डायरेक्टरचाच अभ्यास करत असतात. फक्त कॉलेज संपलं की त्यातले बहुतेक जण हिंजवडीची बस पकडतात.

पद्मावतीजवळच्या सभागृहाला नाव आहे लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांचं. १९४४ मध्ये अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं करणारा हा माणूस. गाणं, संवाद, नाच आणि विचार एकाच स्टेजवर बांधणारा. पदाचं इंग्रजी नाव तेव्हा नव्हतं, काम मात्र तेच होतं.

नाव कुणाचं?

अडतं ते नावापाशी. भगवानदादांचा ‘अलबेला’ आला १९५१ मध्ये. त्यांच्या स्टेप आजही प्रत्येक वरातीत नाचल्या जातात. नाचणाऱ्या किती जणांना त्या कुणाच्या हे ठाऊक असतं? बंगला, गाड्या सगळं गेलं आणि २००२ मध्ये दादरच्या चाळीत ते वारले. फिल्मफेअरला कोरिओग्राफीसाठी वेगळं अॅवॉर्ड द्यावंसं वाटायला १९८९ उजाडावं लागलं. ‘तेजाब’च्या ‘एक दो तीन’ने वेड लावलं आणि पहिलं अॅवॉर्ड सरोज खानला मिळालं.

कायदा मात्र अगदीच रिकाम्या हाताचा नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नृत्यरचना ही नाट्यकृतींमध्ये मोडते. अट एकच, ती लिखित किंवा दुसऱ्या कुठल्या तरी रूपात पक्की नोंदलेली हवी. सिनेमा मात्र या व्याख्येबाहेर आहे. म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या सरांना पहिला सल्ला काय द्यायचा? सर, वही घाला! काउंट, फॉर्मेशन, एंट्री, तारीख, सगळं लिहा. स्टेप डोक्यात राहिली तर ती उद्या दुसऱ्याच्या रीलवर दिसेल. आणि वही लिहिणाऱ्यालाच हळूहळू स्टेपच्या पलीकडचं अख्खं स्टेज दिसायला लागतं.

वीकेंड प्लॅन

कसे जाल : सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो स्वारगेटपर्यंत आहे. पुढे ‘अप्पर’ची बस किंवा रिक्षा.

क्लास लावताना : फी भरण्याआधी एक अख्खी बॅच बसून बघा. वॉर्मअप होतो का? खाली नुसती फरशी आहे की लाकूड, मॅट? गुडघे तुमचेच आहेत. वार्षिक शोचे आणि कॉस्च्यूमचे पैसे वेगळे का, तेही विचारून घ्या.

आणि हो : क्लासच्या शोला गेलात की शेवटी नावं वाचतात ना, तेव्हा पार्किंगकडे पळू नका. कोरिओग्राफरचं नाव शेवटीच असतं!