मोठे कुत्रे

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी, एका रविवारी दुसरी मिस्सा आटोपून मी बाहेर व्हरांड्यात आलो, तो आमच्या धर्मग्रामातील एक तरुण दांपत्य माझी वाट पाहत उभे. लग्नाला दोन वर्षे झालेली, दोघेही नोकरी करणारी. तरुणास धावण्याचा छंद आहे. एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत तो दोनदा धावला आहे आणि तसे न विचारताही सांगतो. मला वाटले, घरात पाळणा हलणार, त्याची वार्ता असावी. परंतु तो म्हणाला, "फादर, आम्हांला एक मोठे कुत्रे घ्यावयाचे आहे. माझ्याबरोबर सकाळी धावेल असे. हस्की घेऊ म्हणतो. तुमचे काय मत?"

बायको काही बोलली नाही. ती माझ्या पायांशी पसरलेल्या तोबीच्या कानामागे खाजवीत होती.

अशा प्रश्नाचे उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही. मी त्यांस चहाला बसविले, आणि जे आजवर या साप्ताहिकात कधी लिहिले नव्हते ते त्यांना सांगितले. आता लिहितोही, कारण मोठी कुत्री पाळण्याची हौस आपल्या घरांतून बरीच वाढलेली दिसते.

तोबीच्या आधी माझ्याकडे दुसरे एक कुत्रे होते. 2017 सालची गोष्ट. मी या सीमाभागातील धर्मग्रामात नवा होतो. आमची चार उपकेंद्रे आहेत; दोहोंस मोटारसायकलने जाता येते, उरलेल्या दोहोंस शेतांच्या बांधांवरून पायीच जावे लागते. आठवड्यातून तीन दिवस मी पहाटे निघे. एवढी चाल रोजची म्हटल्यावर सोबतीला कुत्रे असावे, असे मनात येई. अशात माझ्या जुन्या धर्मग्रामातील एक कुटुंब परदेशी जावयास निघाले. त्यांच्याकडे दोन वर्षांचे सेंट बर्नार्ड जातीचे कुत्रे होते. त्यांनी विचारले आणि मी क्षणभरही विचार न करता होकार दिला.

तो होकार कुत्र्याला नव्हता, नावाला होता, हे मला आज कबूल केले पाहिजे. सेमिनरीत असताना मी त्या मठाविषयी वाचले होते. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर, सुमारे 2,470 मीटर उंचीवर, ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची खिंड आहे. अकराव्या शतकात मेंथोंच्या संत बर्नार्डने तेथे वाटसरूंसाठी धर्मशाळा स्थापिली, आणि संत अगस्तिनच्या नियमाने राहणारे धर्मगुरू ती आजही चालवितात. सतराव्या शतकाच्या सुमारास त्यांच्याकडे मोठी कुत्री आली. धुक्यात वाट हुडकून काढणे, बर्फाखाली दडपलेला मनुष्य वासाने शोधणे, हे काम ती करू लागली. त्यांपैकी बॅरी नावाचा कुत्रा 1800 साली जन्मला आणि 1814 साली मेला. चाळीस जीव त्याने वाचविले असे परंपरा सांगते. बर्न येथील संग्रहालयात त्याची पेंढा भरलेली काया ठेवली आहे. गळ्यातले ते दारूचे पिंप मात्र कल्पनेतले. एका इंग्रज चित्रकाराने 1820 साली ते चित्रात काढले आणि तेव्हापासून ते सर्वांच्या डोक्यात बसले.

मला हे सारे पाठ होते. परंतु त्याच हकिगतीतली एक गोष्ट मी वाचूनही वाचली नव्हती. 1816 नंतरच्या कडक हिवाळ्यांत मठातली पुष्कळ कुत्री मेली. वंश टिकावा म्हणून पुढे त्यांचा न्यूफाउंडलंड जातीशी संकर केला, तेव्हा लांब केसांची पिल्ले निपजली. लांब केस थंडीत उपयोगी पडतील असा सर्वांचा कयास, झाले उलटेच. केसांत बर्फाच्या गुठळ्या अडकत, कुत्री जड होऊन पडत, आणि अखेर ती मठातून खाली दरीत देऊन टाकावी लागली. म्हणजे बर्फासाठी नावाजलेल्या कुत्र्यालादेखील कोणती कातडी कोठे चालेल याचा हिशेब चुकला की बर्फच मारतो. मग आमच्या बाभळींच्या माळावर त्याची काय कथा?

बर्नी आला तो पावसाळ्यात, आणि पावसाळा व थंडी त्याला मानवली. पाऊणशे किलोचा तो प्राणी कंपाउंडात फिरू लागला की मिस्सेला आलेली मुले मिस्सा विसरत. स्वभाव इतका गरीब की मांजर त्याच्या ताटात तोंड घाली. माझी छाती फुगत असे. एक विधवा बाई, जी दर महिन्याला आमच्या विन्सेंट द पॉल मंडळाकडून तांदूळ नेते, ती एकदा त्याच्या खाण्याच्या वेळी आली. दीड किलो कोंबडी आणि भाताचे भगुले पाहून तिने सहज विचारले, "फादर, ह्याला रोज एवढं लागतं?" त्या प्रश्नात कुचेष्टा नव्हती, म्हणूनच तो लागला. आपल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात, 2418व्या परिच्छेदात, प्राण्यांना विनाकारण क्लेश देणे हे मानवी प्रतिष्ठेस विरोधी आहे असे सांगितले आहे, आणि त्याच परिच्छेदात पुढे असेही आहे की जो पैसा माणसांचे दैन्य दूर करण्यासाठी वापरावयास हवा तो प्राण्यांवर उधळू नये. या परिच्छेदाचा पहिला भाग मी मुलांना शिकवीत असे. दुसरा भाग त्या बाईने मला शिकविला. आणि पहिला भागही मला कळला नव्हता, हे पुढे चारच महिन्यांनी सिद्ध झाले.

2018 सालच्या पवित्र सप्ताहातील बुधवार. एका उपकेंद्रात पापनिवेदने ऐकावयाची होती. पहाटे पाचला निघालो. बर्नी मागे लागला. मी त्याला आणले. जाताना गार होते. तासाभरात परतू असा माझा अंदाज, पण पवित्र सप्ताहात पापनिवेदनांची रांग संपत नाही, आणि कोणाला घाईने उठवावे असा तो दिवसही नव्हे. निघायला अकरा वाजले. साडेचार किलोमीटरची वाट, झाड औषधालाही नाही. माझ्या डोक्यावर टोपी होती. त्याच्या अंगावर आल्प्स पर्वताची दुलई होती.

कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांवर येतो तेवढाच. बाकी सारी उष्णता त्याला धापा टाकूनच बाहेर घालवावी लागते. तोंड आखूड, अंग भारी, केस दाट, तर धापाही पुऱ्या पडत नाहीत. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय नाही; पुस्तकात वाचलेले होते. अर्ध्या वाटेत तो मागे पडू लागला. मी हाक मारली की येई. हाक मारली की येई, हेच मला पुढे फार दिवस आठवत राहिले. तिसऱ्या बांधाजवळ तो बसला, हिरड्या विटेसारख्या लाल झाल्या होत्या. एक धनगर शेळ्या घेऊन चालला होता, त्याने आपल्याजवळचे पाणी त्याच्या पोटावर व पायांवर ओतले, आणि मला म्हणाला, "फादर, ह्ये कुत्रं हितलं न्हवं." आम्ही बैलगाडी मिळविली. डॉक्टरांच्या दवाखान्यात पोचेतो उशीर झाला होता. अंगाचा ताप 108 अंश होता. कुत्र्याचा नेहमीचा ताप 101–102 असतो आणि 106च्या वर गेला की आतले अवयव निकामी होऊ लागतात.

दुसऱ्या दिवशी पवित्र गुरुवार. संध्याकाळी पाय धुण्याच्या विधीला बारा जण बसले होते, त्यांत आमचा एक मिस्सासेवक मुलगा होता. त्याने हळूच विचारले, "फादर, बर्नी कुठं आहे?" मी त्याचे पाऊल हातात धरून होतो. मी त्याला सांगितले, "तो वारला, आणि चूक माझी होती." मुलगा काही बोलला नाही. त्याने पाय मागे घेतला नाही, एवढेच.

मग तीन वर्षे मी कुत्रे पाळले नाही.

आमच्या धर्मग्रामात एक निवृत्त सुभेदार आहेत, मराठा पलटणीतले. त्यांनी माझी पाठ सोडली नाही. ते म्हणत, "फादर, तुम्ही चुकलात ते कुत्रे पाळण्यात नव्हे, मुलुख न पाहता पाळण्यात. जवळच मुधोळ आहे, तिकडे चला." 2021च्या अखेरीस आम्ही गोकाकमार्गे मुधोळला गेलो. घटप्रभेच्या काठचे हे गाव एके काळी घोरपडे घराण्याचे संस्थान होते. आसपासचे बेडर लोक जी सडपातळ शिकारी कुत्री बाळगीत, त्यांची पैदास राजे मालोजीराव घोरपडे यांनी मन घालून वाढविली आणि त्यांतली एक जोडी बादशहा पंचम जॉर्ज यांना भेट दिली असे सांगतात. महाराष्ट्रात याच जातीला कारवानी म्हणतात. 2005 साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची जी चार तिकिटे काढली त्यांत हे एक होते, आणि 2016 साली त्याची पिल्ले मेरठला सैन्याच्या प्रशिक्षण केंद्रात गेली. सुभेदारांना यांतील शेवटचीच गोष्ट महत्त्वाची वाटते.

मुधोळच्या एका शेतकऱ्याकडून आम्ही पिल्लू आणले. आई समोर उभी होती; बापही शेजारच्या वाड्यात दाखविला. पिल्लू घेताना आईबाप पाहावे, ही गोष्ट मी आता सर्वांना सांगतो, आणि जो विक्रेता ते दाखवीत नाही त्याच्याकडून घेऊ नये असेही. नाव तोबी. तोबितच्या पुस्तकात तरुण तोबिया देवदूताबरोबर लांबच्या प्रवासाला निघतो तेव्हा त्याचे कुत्रे मागोमाग जाते. बिचाऱ्याचे नावही दिलेले नाही.

तोबी आज खांद्याशी सव्वादोन फूट उंच आहे आणि वजन पंचवीस किलो. केस आखूड, अंगावर चरबी नाही, छाती खोल, पोट पाठीला लागलेले. फासळ्या दिसतात, आणि त्यामुळे पहिली दोन वर्षे माझी अब्रू गेली. "फादर स्वतः जेवतात, कुत्र्याला घालत नाहीत," अशी कुजबुज मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहे. पहाटे तो माझ्याबरोबर दहा किलोमीटर चालतो, एकदा वाऱ्यासारखा धावतो, आणि घरी आला की दिवसभर झोपतो. लोकांना वाटते, शिकारी कुत्रे म्हणजे दिवसभर उड्या. तसे नाही. परंतु त्याला दोष नाहीत असेही कोणी समजू नये. डोळ्यांना काही पळताना दिसले की कान बंद होतात. हाक ऐकूच येत नाही. दोन कोंबड्या आणि एका सशाचे पाप त्याच्या माथी आहे, पैकी कोंबड्यांचे पैसे मी भरले. गावालगत त्याला मोकळे सोडता येत नाही. परक्याने हात लावलेला त्याला खपत नाही, आणि ओरडून बोललेले तर मुळीच नाही. एकदा रागावलो तर दोन दिवस तोंड फिरवून बसतो.

एवढे ऐकल्यावर त्या तरुणाने पुन्हा विचारले, "मग हस्की नको म्हणता?" हस्की सैबेरियात बर्फावर गाडी ओढणारे कुत्रे. मी म्हटले, माझ्याकडे आल्प्सचे होते, तुम्ही सैबेरियाचे आणता. ते हसले नाहीत, तेव्हा मी मुकाट्याने दोन-चार गोष्टी विचारल्या. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा घरात कोण असते? मे महिन्यात दुपारी तुमच्या दोन खोल्यांत किती उकडते? पावसात कोण फिरविणार? लॅब्रडॉर आणले तर ते प्रेमळ, पण मुळात पाण्यातून मासेमाऱ्यांची जाळी ओढणारे. काम नाही मिळाले की फुगते, आणि कमरेचे सांधे धरतात. जर्मन शेफर्ड मेंढ्यांमागचे. त्याच्या डोक्याला रोज काहीतरी उद्योग लागतो, नाहीतर तो तुमचे सोफे उद्योगास घेतो. आणि कोणतेही मोठे पिल्लू असो, दीड वर्षाचे होईतो त्याला लांब धावडवू नये. हाडांची टोके तोवर कोवळी असतात. म्हणजे तुमची शर्यतीची सोबत आणखी दीड वर्षाने सुरू होईल. जेवणानंतर तासभर मुळीच पळवू नये. खोल छातीच्या कुत्र्यांचे पोट पीळ खाते आणि काही तासांत प्राण जातो. पिसाळरोगाची लस दरवर्षी. आणि दहा-बारा वर्षे.

तरुण जरा हिरमुसला. मग मी म्हटले, महिनाभर रोज पहाटे साडेपाचला या आणि तोबीला फिरवा. नंतर ठरवा.

पहिल्या आठवड्यात दोघेही सहा दिवस आली. दुसऱ्यात तो चार दिवस आला. शर्यतीची तयारी होती. तिसऱ्या आठवड्यात पाऊस जोराचा लागला, आणि तोबीला पाऊस बिलकूल आवडत नाही. पायऱ्यांवर पाय रोवून उभा राहतो. त्या आठवड्यात बायको एकटी आली. डोक्यावर इरले, हातात दोरी, तोबीशी हळू आवाजात बोलत त्याला फाटकापर्यंत नेत होती. पाचव्या दिवशी तो आपणहून तिच्या मागे निघाला.

महिना संपून तीन आठवडे झाले. ती अजून येते. त्याचे धावण्याचे बूट मात्र त्या पहिल्या आठवड्यापासून माझ्या व्हरांड्यात वाळत पडले आहेत, आणि एकाची दोरी तोबीने खाल्ली आहे. दसऱ्यानंतर आम्ही तिघे सुभेदारांच्या गाडीतून मुधोळला जाणार आहोत. तो म्हणतो, सुटी मिळाली तर मीही येईन.