दुसरा कॅमेरा

वेरूळ-अजिंठा पाहून आलेला पुण्या-मुंबईचा माणूस आपण मराठवाडा पाहून आलो असे खुशाल सांगत सुटतो. वास्तविक तो मराठवाड्याच्या ओसरीवर बसून, चहा पिऊन परत आलेला असतो. घर पुढेच आहे. गोदावरीच्या काठाने आणि मांजरेच्या खोऱ्यात ते ऐसपैस पसरलेले आहे. ते एकदा आतून पाहावे म्हणून गेल्या दसऱ्याला मी नांदेड, कंधार, लातूर, खरोसा आणि किल्लारी अशी पाच दिवसांची फेरी आखली.

एसटीने हिंडायचे आणि रोज मुक्काम हलवायचा म्हटल्यावर सारे बिऱ्हाड खांद्यावरच्या एका पिशवीत मावायला हवे. दोन जोड कपडे, पंचा, औषधे, पाण्याची बाटली, एवढ्यावर घरात एकमत झाले. अडले ते कॅमेऱ्यापाशी. एक न्यायचा की दोन?

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. साऱ्या आळीत मिळून एक आग्फा क्लिक थ्री, आणि तोही सहलीच्या आदल्या दिवशी कोणाकडून तरी मागून आणायचा. एका रोलमध्ये बारा फोटो. त्यांतले दोन हलायचे, एकात कोणाचे तरी बोट यायचे, आणि उरलेल्या नवांत सारी सहल बसवायची. रोल संपला की कॅमेरा पिशवीत जाई आणि माणसे मुकाट्याने डोळ्यांनी पाहू लागत. आता नखाएवढ्या कार्डावर हजारो चित्रे मावतात, आणि चित्रे वाढली तशी ती हुकण्याची भीतीही वाढली आहे.

“अहो, दुसरा कॅमेरा राहू दे, चष्म्याची दुसरी जोडी घेतलीत का?” सौ. म्हणाली. तिचे म्हणणे रास्त होते. चष्मा फुटला तर दोन कॅमेरे असूनही मला काय दिसणार? जोडी घेतली, पण प्रश्न तसाच उरला.

मग मी जरा हिशेबाने विचार केला. कॅमेरा बंद पडला असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा तो बिचारा धडधाकट असतो. बॅटरी संपलेली असते, नाहीतर कार्ड रुसलेले असते. या दोन्ही जिनसांचा एकेक जादा नग घेतला तर वजन दोन-तीन पेढ्यांएवढे. दुसरा कॅमेरा खरा लागतो तो पहिला हातून पडला, त्याचा शटर अडकला किंवा आत धूळ शिरली तर. असे रोज होत नाही. पण होते तेव्हा गाव परके असते, आणि आजकालच्या कॅमेऱ्याचे पोट उघडून पाहणारा कारागीर तालुक्याच्या ठिकाणी सहसा भेटत नाही.

“मोबाईल आहे ना!” चिरंजीवांनी तोडगा काढला. आहे खरा. उजेडात तो झकास फोटो काढतो. पण प्रवासात मोबाईल हा एकटा नोकर चार घरची कामे करत असतो. तिकीट त्याच्यात, नकाशा त्याच्यात, पैसे त्याच्यात, आणि घरी खुशाली कळवायची तीही त्याच्याच तोंडून. दुपारपर्यंत त्याला फोटोंच्या कामाला जुंपले की संध्याकाळी लॉजचे भाडे द्यायच्या वेळी तो डोळे मिटतो. शिवाय दूरचे शिखर आणि लेण्यातला काळोख या दोन्ही ठिकाणी त्याची अक्कल तोकडी पडते.

एकाच कॅमेऱ्यावर भिस्त ठेवण्याचे जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण एव्हरेस्टवरचे. १९२४ साली मॅलरी आणि अर्विन शिखराच्या रोखाने गेले आणि धुक्यात दिसेनासे झाले. त्यांच्याजवळ सॉमरव्हेल या सोबत्याचा खिशात मावणारा कोडॅक कॅमेरा होता असे मानतात. १९९९ साली मॅलरीचा देह सापडला, पण कॅमेरा काही सापडला नाही. आणि ते माथ्यावर पोहोचले होते की नाही, हा वाद शंभर वर्षे उलटली तरी चालूच आहे. लातूरची एसटी म्हणजे एव्हरेस्ट नव्हे, हे मलाही कळते. तरीपण!

शेवटी मी मधला मार्ग काढला. मोठ्या कॅमेऱ्याचा जुळा भाऊ न नेता धाकटा भाऊ न्यायचा. कपाटात एक जुना खिशातला कॅमेरा पडून होता; वजन सुमारे दोनशे ग्रॅम. त्याची बॅटरी वेगळी, कार्ड वेगळे. ही गोष्ट महत्त्वाची. दोन्ही कॅमेरे एकाच बॅटरीवर चालणारे आणि ती एकच चार्जर विसरून आलेली, तर ते दोन कॅमेरे नव्हेतच. धाकट्याला पायमोज्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी झोपवला आणि निघालो.

नांदेडला उतरलो तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली येथे देह ठेवला. आज दिसते ते सचखंड हुजूर साहिबचे मंदिर महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवले. नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात, आणि बांधवणारा राजा लाहोरचा! आतल्या अंगीठा साहिबच्या खोलीत पुजाऱ्याखेरीज कोणी जात नाही. संध्याकाळी गुरूंची शस्त्रे भाविकांना दाखवतात, ती पाहताना शेजारच्या पंजाबी आजी डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. तेथे कॅमेरा काढावासा मला वाटला नाही, आणि दोन असते काय किंवा दहा असते काय, काढला नसता.

दुसऱ्या दिवशीचा हल्ला मात्र कॅमेऱ्यासाठीच जन्मलेला. निळ्या वेशातले निहंग, उघड्या तलवारी, सजवलेले घोडे, निशाण, आणि हजारो माणसे. मिरवणूक शांतपणे चालत येते, एका ठिकाणी थांबते, अरदास होते. आणि मग एकच आरोळी उठून सारा समुदाय शत्रूवर तुटून पडावा तसा धावत सुटतो. मी कडेच्या ओट्यावर लांब पल्ल्याची लेन्स लावून उभा होतो. निशाण दूर होते तोवर ठीक. पण आरोळी उठली आणि दोन श्वासांत गर्दी माझ्या गुडघ्यांशी आली. लांबच्या लेन्सला जवळचे दिसेना, आणि त्या धुळीत लेन्स बदलायची म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटात मूठभर नांदेड भरून घ्यायचे. खिशातला धाकटा काढला. एक निहंग, त्याच्या खांद्यावर चार-पाच वर्षांचा मुलगा, मुलाच्या हातात लाकडी तलवार, आणि बापापेक्षा मुलगाच अधिक आवेशात! एवढे एक चित्र मिळाले. पुढच्या क्षणी रस्ता रिकामा झाला होता. उरली होती ती चेंगरलेली झेंडूची फुले. ज्यांना दसरा साधत नाही त्यांनी दिवाळीच्या सुमारास जावे. तेव्हा तख्तस्नान असते, आणि गोदावरीचे पाणी घागरींनी आणून तख्त धुतात.

लोह्यावरून आत वळून कंधारला गेलो. राष्ट्रकूटांची आठवण सांगणारा हा किल्ला, भोवती पाण्याचा खंदक, आणि गावात एका प्रचंड क्षेत्रपालाच्या मूर्तीचे तुकडे. मूर्ती किती उंच असेल याचा अंदाज एकेका तुकड्यावरून करायचा. ती अखंड असताना तिचे चित्र कोणी काढून ठेवले असते तर, असा वेडा विचार मनात आला. या मुलखावर निजामाचे राज्य असताना हैदराबादेस राजा दीनदयाळ यांच्यासारखा अव्वल दर्जाचा छायाचित्रकार होता. पण त्या काळी फोटोग्राफी म्हणजे काचांचा संसार. काच तडकली की चित्र गेले. जादा कॅमेऱ्याची चैन असो, जादा काचा मात्र त्या माणसांना जपून न्याव्याच लागत असतील.

लातुरात एक दिवस मी धाकट्याला लॉजवरच सुट्टी दिली. गंजगोलाई ही वर्तुळाकार बाजारपेठ, मध्ये अंबाबाईचे देऊळ, आणि सोळा रस्ते तेथे येऊन मिळतात. एका रस्त्याने सोने, दुसऱ्याने कापड, तिसऱ्याने मिरच्या. एकदा चुकलेला माणूस सोळाव्या प्रयत्नाला तरी घरी पोहोचतो. हा देखावा आज हुकला तर उद्या सकाळी पुन्हा मांडलेला असतो. याच लातुरात बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची इवलीशी गाडी मिरजेहून येत असे. रुंद रूळ आले आणि ती गेली. पुढे एप्रिल २०१६ मध्ये त्याच मिरजेहून ‘जलदूत’ गाडी तहानलेल्या लातूरला पाणी घेऊन आली. यांतले कोणते चित्र पुन्हा मिळेल आणि कोणते नाही, हे त्या वेळी स्टेशनवर उभ्या असलेल्या माणसाला तरी कोठे ठाऊक असते?

औशाच्या पुढे खरोशाची लेणी आहेत. सहाव्या शतकाच्या आसपासची, आणि जांभ्यात कोरलेली. वेरूळचा काळा कातळ शिल्पाची धार राखतो. जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ. पावसापाण्याने मूर्तींची नाकेडोळे विरघळत चालली आहेत. बर्जेसच्या १८७८ साली छापलेल्या अहवालात ही लेणी आहेत. आज पाहणाऱ्याला त्याच्यापेक्षा थोडे कमीच दिसत असणार. त्या तांबड्या धुळीने माझ्या मोठ्या कॅमेऱ्याची झूमची कडी जात्यासारखी घरघरू लागली. फडक्यात बांधून त्याला विश्रांती दिली आणि किल्लारीची गाडी धरली.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून दमलेली माणसे झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीची जड माळवदे. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरे माणसांवरच बसली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे गेली. ५२ गावे जुनी जागा सोडून नव्याने वसवावी लागली. जुन्या किल्लारीत आता स्मारक आहे, झाडे आहेत, आणि गवतात ओळखू येतील न येतील असे चौथरे.

नव्या किल्लारीत एका ओट्यावर पाणी मागितले. घरचे आजोबा गळ्यातला कॅमेरा न्याहाळत होते.

“कोण्या गावचं पाव्हणं?”

“पुण्याहून आलो, बाबा.”

“फोटूवाले हाव का?”

हौस आहे, म्हटले. ते आत गेले आणि एक तसबीर घेऊन आले. जुन्या घरापुढे लग्नाची मंडळी उभी होती. मागे सागवानी चौकट, वर माळवद, कडेला बैलगाडीचे चाक. ढिगाऱ्यातून ही एक वस्तू शाबूत निघाली होती. आता दमटपणाने वरची कड सुटू लागली होती आणि चित्र काचेला चिकटले होते.

“याचा फोटू निघंल का?”

चिकटलेला फोटो काचेवरून सोडवू जाऊ नये. रंगच काचेबरोबर निघून येतो. म्हणून तसबीर तशीच सावलीत पाटावर ठेवली. काचेत आभाळ दिसू नये म्हणून त्यांच्या नातवाने वर काळी छत्री धरली. फ्लॅश बंद करून, सरळ वरून, मोठ्या कॅमेऱ्याने सहा वेळा टिपले. पण त्याची घरघर मनातून जाईना. पिशवीतून धाकटा काढला आणि पुन्हा सहा वेळा टिपले. एकाचे कार्ड पाकिटात ठेवले, दुसऱ्याचे पिशवीत.

आजोबा काचेवर बोट ठेवून एकेकाचे नाव सांगत होते. दर नावापुढे “ही गेली”, “हा गेला”, “हा मुंबईला असतो” असे चालले होते. अगदी डाव्या कडेला लुगड्याचा पदर आणि अर्धाच चेहरा आला होता.

“ही माय. फोटूवाल्यानं तवा एकच काढला. दुसरा काढ म्हणलं, तर रोल संपला म्हणला.”

पत्ता लिहून घेतला. फोटो टपालाने हवा होता. मोबाईल नातवाचा, आणि नातू उदगीरला शिकायला. गाडीची वेळ झाली तसा मी उठलो. आजोबा रस्त्यापर्यंत आले.

“मोठा केल्यावर मायचं ऱ्हायलेलं तोंड दिसंल का वं?”

दिसणार नाही, म्हणून सांगितले. जेवढे काचेखाली आहे तेवढेच येईल.

“बरं,” ते म्हणाले. “तेवढंच मोठं करून पाठवा.”