बटण बदललं, पण दोष तिथे नव्हताच!



आज जरा वेगळ्या विषयावर लिहितोय. विषय आहे गाडीच्या क्रूझ कंट्रोलचा. पण शेवटपर्यंत वाचा, तो आपल्या वर्गातच येऊन थांबणार आहे.

क्रूझ कंट्रोल म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगतो. मोकळ्या महामार्गावर आपण एक वेग ठरवून बटण दाबायचं. मग ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी गाडी तोच वेग धरून ठेवते. ब्रेकला पाय लागला की ही यंत्रणा लगेच बंद होते. गंमत म्हणजे हे यंत्र अमेरिकेतल्या राल्फ टीटर या अंध अभियंत्याने शोधलं. लहानपणी, पाचव्या वर्षी, अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. 1950 साली त्यांना पेटंट मिळालं आणि 1958 मध्ये क्रायस्लरच्या गाड्यांत ही सोय आली. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.

मी दोन वर्षांपूर्वी एक जुनी गाडी घेतली. दिवाळीच्या सुट्टीत समृद्धी महामार्गावर क्रूझचं मुख्य बटण दाबलं, समोर दिवा लागला, पण 'सेट' दाबलं तरी वेग काही धरेना. परत आल्यावर गाडी गॅरेजमध्ये दाखवली. तिथे दोन मिनिटांत निदान झालं, "स्टिअरिंगवरचे स्विच गेलेत." साडेचार हजार रुपये देऊन नवे स्विच बसवले. गाडी बाहेर काढली, तर परिस्थिती जैसे थे!

मग तालुक्याच्या ठिकाणी गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पाना-पक्कड काही हातात घेतलं नाही. पहिला प्रश्न विचारला, "गुरुजी, काय बिघडलंय ते राहू द्या. काय काय चालतंय ते सांगा."

हॉर्न वाजतो? वाजतो. स्टिअरिंगवरची आवाजाची बटणं? चालतात. क्रूझचा दिवा? लागतो. "मग स्टिअरिंगच्या आतली गुंडाळी तार बहुतेक ठीक आहे," ते म्हणाले. स्टिअरिंग फिरतं, तरी बटणांच्या तारा तुटत नाहीत, कारण आत एक पट्टीसारखी तार घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. ती तुटली की बऱ्याचदा हॉर्न आणि एअरबॅगचाही घोटाळा होतो.

मग त्यांनी बटणांचं गणित समजावलं. बऱ्याच गाड्यांत तीन-चार बटणं एकाच तारेवर असतात. प्रत्येक बटणाचा रोध वेगळा. तारेवर किती व्होल्ट आले त्यावरून गाडीचा संगणक ओळखतो, की 'सेट' दाबलं का 'रद्द'. त्यामुळे स्विच खराब आहे का, हे मल्टिमीटरने ओहम मोजून आधीच कळतं. बदलून बघायची गरजच नाही. (हे घरी करू नका हं! स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते. बॅटरी सोडवून, थोडा वेळ थांबून, जाणकारानेच ते उघडायचं.)

शेवटी त्यांनी स्कॅनर लावला. माझा पाय ब्रेकवर नव्हता, तरी पडद्यावर 'ब्रेक दाबलेला' असं दिसत होतं! पेडलजवळच्या स्विचमध्ये दोन संपर्क होते. एक मागचे लाल दिवे लावणारा, तो ठीक होता. दुसरा संगणकाला खबर देणारा, तो अडकला होता. गाडीला वाटत होतं की चालक सतत ब्रेक दाबतोय. मग ती वेग धरणार कशी? ती तर तिच्या परीने बरोबरच वागत होती. साडेतीनशे रुपयांचा स्विच बदलला आणि काम झालं.

घरी येताना मला माझ्या तिसरीच्या वर्गातली एक मुलगी आठवत राहिली.

तिला हातच्याची वजाबाकी येत नव्हती. मी तिच्या आईला बोलावून सांगितलं होतं, "गणितात कच्ची आहे, रोज दहा उदाहरणं करून घ्या." आई बिचारी म्हणाली, "सर, रोज बसवते हो, पण चुकतंच. आता वही काढली की रडते." तरी मी उदाहरणं दहाची पंधरा केली. म्हणजे काय केलं? न तपासता स्विच बदलला!

दुसऱ्या दिवशी तिची वही नीट पाहिली. 52 – 27 = 35. 43 – 18 = 35. 61 – 34 = 33. आणि 57 – 24 = 33, हे मात्र बरोबर! तिला जवळ बसवून विचारलं, "बाळा, हे कसं केलंस ते सांग ना." ती हळूच म्हणाली, "सर, तुम्हीच सांगितलं होतं ना, मोठ्यातून लहान वजा करायचं." दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन वजा करत होती. दरवेळी, अगदी नियमाने. माझंच वाक्य ती पाळत होती.

त्या क्षणी मला फार वाईट वाटलं. महिनाभर तिने स्वतःला 'ढ' समजून घेतलं होतं, आणि तो शिक्का मी मारला होता.

मग उदाहरणं बंद केली. काड्यांचे गठ्ठे काढले. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. "आता मला सात सुट्या दे." ती थांबली, गठ्ठ्याकडे पाहिलं, आणि स्वतःच रबर काढलं. चार-पाच दिवस असंच केलं. नंतर वहीत चूक झाली तरी ती रडत नव्हती, काड्या मागायची. तिच्या आईला पुन्हा बोलावलं आणि सांगितलं, "ताई, चूक माझी होती."

मित्रांनो, मूल चुकतं तेव्हा आधी त्याला काय येतं ते पाहा. चुकलेली तीन-चार उत्तरं शेजारी-शेजारी ठेवा, त्यात काही नियम दिसतो का बघा. आणि मुलालाच विचारा, "कसं केलंस?" पालकहो, घरी ओरडण्याआधी हा एक प्रश्न तुम्हीही विचारून पाहा. साडेचार हजार वाया गेले तर परत कमावता येतात. मुलाचा स्वतःवरचा विश्वास गेला, तर तो इतक्या सहज परत येत नाही.