बर्फ पडला का रे?

मुंबईकराची बर्फाशी गाठ पडते ती दोनच ठिकाणी. गोळेवाल्याच्या गाडीवर आणि मासळी बाजारात! पण जानेवारी उजाडला की आपल्या माटुंग्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो, ‘गुलमर्गला पडला का रे?’

खोटं वाटतंय? रविवारी सकाळी कॅफे मद्रासबाहेर नाव लिहून उभे राहा. रुइया, पोदार, व्हीजेटीआयमधून बाहेर पडून आता बीकेसी नि लोअर परळच्या एसीत बसणारी एक जमात तिथे भेटेल. यांना स्कीइंगचं वेड लागलंय. तिकिटं सप्टेंबरातच काढलेली, सात दिवसांची रजा बॉसच्या हातापाया पडून मिळवलेली. फक्त बर्फाचं कन्फर्मेशन बाकी!

पावसाचं आपल्याला कळतं. मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख 11 जून. चार दिवस इकडेतिकडे, पण येतो. किंग्ज सर्कलला पाणी कधी तुंबणार, हे माटुंगेकर आभाळाकडे बघून सांगतो. हिमालयातला बर्फ मात्र पश्चिमी झंझावातांच्या मर्जीवर. भूमध्य समुद्राकडून निघालेले हे झंझावात इराण, अफगाणिस्तान ओलांडत काश्मीरला पोहोचतात. कधी पाठोपाठ दोन, तर कधी कित्येक आठवडे एकही नाही.

काश्मिरात 21 डिसेंबरपासूनच्या 40 दिवसांना ‘चिल्लई कलान’ म्हणतात. कडाक्याची थंडी, भरपूर बर्फ. निदान तशी अपेक्षा! 2024च्या जानेवारीत मी गुलमर्गला होते. गोल्फ कोर्सवर वाळकं, तपकिरी गवत. स्लेजवाले उन्हात बसलेले. एक स्की इन्स्ट्रक्टर म्हणाला, ‘मॅडम, आपकी तो छुट्टी गयी, हमारा तो साल गया.’ त्याचा सीझन जेमतेम तीन महिन्यांचा. त्यातला एक कोरडा गेला की वर्षाचं गणितच कोलमडतं. आपली रजा पुढच्या वर्षी पुन्हा मिळते.

आणि हा एकाच वर्षाचा किस्सा नाही. 2023 मध्ये औलीच्या राष्ट्रीय स्पर्धा बर्फाअभावी रद्द झाल्या. 2025 मध्ये गुलमर्गचे खेलो इंडिया हिवाळी खेळ याच कारणाने फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावे लागले.

बरं, पडला की झालं, असंही नाही. ताजा भुसभुशीत बर्फ म्हणजे स्वर्ग. दोन दिवस ऊन पडलं की तोच दुपारी वितळतो, रात्री गोठतो आणि सकाळी काचेसारखा कडक होतो. उशिरा आणि एकदम पडला तर आणखी पंचाईत. जुन्या कच्च्या थरावर नवा जड थर बसतो आणि सगळाच घसरतो. 2024ला जानेवारी कोरडा गेला, फेब्रुवारीत दणकून बर्फ पडला आणि 22 तारखेला हिमस्खलनात एका रशियन स्कीअरचा जीव गेला.

म्हणून जाणाऱ्यांनो, एवढं कराच...

* ख्रिसमसचा मोह सोडा. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा त्यातल्या त्यात भरवशाचा काळ.
* लाँग वीकेण्ड पुरत नाही. हाताशी दोन दिवस जास्तीचे ठेवा. तारीख बदलता येईल असंच बुकिंग करा.
* पहिल्यांदाच शिकताय? गुलमर्गच्या सरकारी स्कीइंग संस्थेच्या कोर्सची चौकशी करा.
* गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटवर, जवळपास 3,950 मीटरवर नेतो. वारा किंवा हिमस्खलनाचा धोका असला की तो बंद. चिडू नका, हुज्जत घालू नका.
* आखलेल्या उतारांबाहेर स्थानिक गाइडशिवाय पाऊल नको. हिमस्खलनाचा इशारा रोज सकाळी बघा.

आणि बर्फ नसलाच, तर इन्स्ट्रक्टरचं बुकिंग लगेच रद्द करू नका. त्याच्याबरोबर डोंगर पायी फिरा. उतार ओळखीचे होतील आणि त्याचाही दिवस भरेल.