पाचव्या मजल्यावरचा कावळा

परदेश पाहून आलेल्या माणसाला विचारायचे प्रश्न जणू ठरलेलेच असतात. तिथे इमारती किती उंच? विमानात भीती वाटली का? जेवणाचे हाल झाले का? आणि रस्त्यावर थुंकले तर खरेच दंड होतो का? सिंगापूरहून परत आल्यावर मलाही मैत्रिणींनी हेच विचारले. मी उत्तरे दिली. पण प्रत्येक वेळी वाटत राहिले, की सांगण्यासारखे राहून गेले. त्या महिनाभरात माझ्या मनात घर करून बसली ती तिथली पाखरे, पाण्यातले प्राणी, आणि त्यांच्याकडे पाहणारी माझी आई.

माझी थोरली बहीण लग्नानंतर तिकडे गेली. दाजी एका कंपनीत अभियंता आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ताईचे दिवस भरत आले. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, ही आपली रीत. पण ताईला प्रवास झेपणार नाही असे ठरले, तेव्हा माहेरच उठून तिच्याकडे गेले. आईने खटाव तालुक्याबाहेर फारसे पाऊल टाकलेले नव्हते आणि तिला अक्षरओळख नाही. तेव्हा तिच्याबरोबर पाट्या वाचायला मी! कॉलेजची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिलीच, त्यामुळे जगातल्या सगळ्या पाट्या मला वाचता येतात असा आईचा समज आहे.

ताईचे घर अँग मो कियो नावाच्या भागात, पाचव्या मजल्यावर. तिथली बहुसंख्य माणसे सरकारने बांधलेल्या अशाच उंच चाळींत राहतात. इमारतीचा तळमजला मोकळा, नुसत्या खांबांचा. म्हातारी माणसे तिथे बुद्धिबळासारखा खेळ मांडून बसतात. मलय कुटुंबांची लग्ने तिथेच लागतात आणि चिनी माणूस वारला तर त्याचा मांडवही तिथेच पडतो. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर भिंतीत नळ्या बसवलेल्या. त्यांत बांबू खोवायचे आणि त्यांवर धुणे वाळत घालायचे. सारी वसाहत अशी रंगीबेरंगी पताका लावल्यासारखी दिसते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच कोकिळ ओरडू लागला. आई अंथरुणात उठून बसली. म्हणाली, "श्रावण सरत आला आन् ह्यो आता वरडतोय?" मी तिला भूगोल सांगितला. हे शहर विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर. इथे उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन भाग नाहीत. बारा महिने ऊन आणि बारा महिने पाऊस. आई ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मग पेरायचं कवा हे कुणाला कळतं?" या प्रश्नाचे उत्तर माझ्या भूगोलात नव्हते. त्या शहरात पेरणारे फारसे कुणी उरलेले नाही.

जिथे कोकिळ तिथे कावळा हवाच. अंडी घालायला त्याचे घरटे लागते ना! करड्या मानेचा, आपल्या ओसरीवर येतो तोच कावळा. पण तो मूळचा तिथला नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मलायात कॉफीच्या मळ्यांवर सुरवंट पडत, म्हणून श्रीलंकेतून कावळे नेऊन क्लांगच्या बाजूला सोडले होते. सुरवंट आणि कॉफी दोन्ही मागे पडले. कावळे मात्र पसरले. हे मी आईला सांगितले तेव्हा तिचा चेहरा उजळला. "म्हंजी आपल्याकडचंच की," ती म्हणाली. एवढ्या मोठ्या शहरात तिला पहिले नातेवाईक भेटले ते हे.

नातेवाईक भेटला की घास काढायचा, एवढे आईला ठाऊक. पहिली भाकरी भाजून झाली तशी तिने चतकोर मोडली आणि खिडकीकडे निघाली. दाजी धावतच आले. तिथे रानटी पशुपक्ष्यांना खाऊ घालणे हा गुन्हा आहे. २०२० पासूनच्या कायद्याने पहिल्या वेळी ५,००० डॉलरपर्यंत दंड, म्हणजे आपले तीन लाखांहून अधिक रुपये! कबुतर, साळुंकी, कावळा, माकड, कुणालाच काही घालायचे नाही. आयते मिळू लागले की त्यांची संख्या भरमसाट वाढते, माकडे तर माणसाच्या हातातून पिशवी ओढू लागतात, असे त्यांचे म्हणणे. आईने तो तुकडा मुठीत धरला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "अन्न दिल्याचा दंड?" पुढे दाजींसमोर तिने हा विषय काढला नाही. पण रोज सकाळी पहिली भाकरी झाली, की तिचा हात नकळत चतकोर मोडायचा आणि थांबायचा. मोडलेला तो तुकडा ती स्वतःच खायची.

संध्याकाळी आम्ही दोघी जवळच्या मोठ्या बागेत फिरायला जात असू. बागेतून कलांग नदी वाहते. तिथे पूर्वी ती सिमेंटच्या सरळ कालव्यात कोंडलेली होती. तो कालवा फोडून, नदीला पुन्हा वळणे देऊन, काठी गवत-झाडे लावून २०१२ साली बाग नव्याने खुली झाली. आईला हे खरेच वाटेना. आमच्या येरळेला वर्षातले कित्येक महिने पाणी नसते. "नदीची परत नदी केली?" तिने दोनदा विचारले.

तिथेच एकदा आम्ही पाणमांजरे पाहिली. पाण्यात आधी नुसत्या रेघा उमटल्या, मग एकामागून एक ओली डोकी वर आली. मोजली तर नऊ. काठावर चढून ती अंग घासू लागली, पिल्ले एकमेकांच्या अंगावर लोळू लागली आणि एकाने जिवंत मासा डोक्याकडून कराकरा खायला सुरुवात केली. चार पावलांवर माणसे उभी होती; पण कुणी पुढे गेले नाही, कुणी काही फेकले नाही. आई माझ्या कानात म्हणाली, "एवढी पोरंबाळं घिऊन निघालंय बघ कुटुंब!" त्यांची कथा मी नंतर शोधून वाचली. शहर वाढले, नद्यांची गटारे झाली आणि हा प्राणी तिथून दिसेनासा झाला. १९७७ मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी नद्या स्वच्छ करण्याचे काम हाती घेतले, ते दहा वर्षे चालले. त्यानंतर १९९८ मध्ये उत्तरेकडच्या सुंगई बुलोच्या पाणथळीत पाणमांजरांची एक जोडी पुन्हा आली. त्यांना कुणी आमंत्रण दिले नव्हते. पाणी स्वच्छ झाले, हेच आमंत्रण. २०२२ मध्ये तर राष्ट्राध्यक्षांच्या वाड्याजवळ पाणमांजरांचा कळप रस्ता ओलांडू लागला, तेव्हा पोलिसांनी मोटारी अडवून धरल्या होत्या.

कालव्याच्या काठावर एकदा चांगली सहा फुटी घोरपड आडवी आली. आई किंचाळून माझ्या मागे लपली. तानाजीच्या घोरपडीची गोष्ट तिनेच मला लहानपणी सांगितली होती; पण गोष्टीतली घोरपड वेगळी आणि दोन हातांवर जीभ काढणारी वेगळी. शेजारून एक शाळकरी मुलगा सायकलवरून गेला. त्याने घोरपडीला वळसा घातला आणि मागे वळूनही पाहिले नाही. आपल्याकडेही १९७२ च्या कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे. पण आमच्या शिवारात ती दिसली की काय होते, हे खेड्यातून आलेल्या वाचकांना मी सांगायला नको.

देण्यासाठी आसुसलेल्या आईच्या हाताला शेवटी एक जागा सापडली. आमच्या तळमजल्यावर एक पिवळी मांजर राहत असे. तिच्या कानाचे टोक कापलेले होते. पिल्ले होऊ नयेत म्हणून शस्त्रक्रिया केल्याची ती खूण. मांजर रानटी प्राण्यांत मोडत नाही, तिला घातलेले चालते. जागा तेवढी स्वच्छ ठेवायची. एक चिनी आजीबाई रोज सात वाजता कागदावर तिचे खाणे मांडून बसत आणि संपले की तो कागद घडी करून नेत. आई त्यांच्या शेजारी जाऊन बसू लागली. आजीबाईंना मराठी येत नव्हते, आईला चिनी. तरी दोघी अर्धा अर्धा तास बोलत. एकदा मी विचारले, "काय बोलता गं तुम्ही?" आई म्हणाली, "तिचाबी मालक गेलाय." हे तिला कसे कळले, ते तिलाच ठाऊक.

ताईला मुलगी झाली. बाराव्या दिवशी घरच्या घरी बारसे झाले आणि पाठोपाठ पितृपंधरवडा आला. योगायोग असा, की त्या वर्षी आपला भाद्रपद आणि चिनी लोकांचा सातवा महिना एकाच अमावस्येला संपत होते. त्यांच्या या महिन्यात मेलेल्यांचे जीव घराकडे येतात अशी समजूत आहे. संध्याकाळी इमारतींखाली लोखंडी पिंपांत कागदी नोटा जाळतात, म्हणजे त्या पितरांना पोचतात. रस्त्याकडेच्या गवतावर उदबत्त्या खोवून भात, संत्री, गोड वड्या मांडतात. करमणुकीचे कार्यक्रम होतात, त्यांत पुढची रांग पितरांसाठी रिकामी सोडतात! आमच्या आजीबाईंनीही पदपथाकडेला भात मांडला होता. त्या हात जोडून गेल्या, की साळुंक्या आणि कावळे त्यावर उतरत. आई वरून बघत असे. "बघ," ती म्हणाली, "ह्यांचंबी आपल्यावानीच हाय."

आबांची तिथी पंचमीची. त्यांचा म्हाळ घालायला गावी दादा होता. तरीही आईने इकडे स्वयंपाक केला. दाजींनी टेक्का बाजारातून गवार आणली. भात, वडे, खीर, भाजी असे ताट वाढून आईने ते खिडकीच्या आत, ओट्यावर ठेवले. आम्ही गावी फोन लावला. तिथे दुपारचे साडेबारा, इथे तीन. फोनच्या पडद्यावर आमचे अंगण, पत्र्यावर ठेवलेले पान आणि आकाशाकडे पाहून 'काव काव' म्हणणारा दादा दिसत होता. कावळा येईना. वस्तीवरचा मोठा पिंपळ काही वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना गेला, तेव्हापासून आमच्याकडे कावळे कमीच झालेत. पाऊण तास झाला. दादा घामाघूम झाला. चुलते म्हणू लागले, "काय राहिलं असंल मनात?" ताई बाळाला मांडीवर घेऊन रडू लागली.

आणि त्याच वेळी आमच्या खिडकीबाहेरच्या बांबूवर एक कावळा येऊन बसला.

तिथे पान होते, कावळा नव्हता. इथे कावळा होता, आणि पान पुढे करता येत नव्हते. मधे काच नव्हती, जाळी नव्हती. आईचा हात आणि कावळ्याची चोच यांत एका हाताचेही अंतर नसेल. दाजी दारात उभे होते, पण काही बोलले नाहीत. मी आईकडे पाहत राहिले.

आईने ताटाला हात लावला नाही. तिने ताईच्या मांडीवरून बाळ उचलले, खिडकीपाशी नेले आणि दुपटे बाजूला करून त्याचे तोंड बाहेरच्या बाजूला केले. कावळ्याने मान वाकडी करून पाहिले. मग आई फोनकडे वळून म्हणाली, "आरं पोरा, नगं वाट बघूस. पान गाईला दे. ते हितं आल्यात, नातीला बघाया."

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. दादाने पान उचलल्याचे तेवढे दिसले. कावळा आणखी थोडा वेळ बसला आणि खाली उतरला, थेट आजीबाईंनी मांडलेल्या भाताकडे. आईने ओट्यावरचे ताट ताईपुढे सरकवले. "जेव," म्हणाली, "बाळंतिणीनं उपाशी राहू नये."

तर्कशास्त्राच्या तासाला हा प्रसंग टिकणार नाही, हे मला समजते. सिंगापुरात कावळे पुष्कळ आहेत. दुपारी एखादा बांबूवर बसणारच. पण त्या दिवसापासून मी एका गोष्टीचा विचार करते आहे. आपण पाखराला आप्त मानतो, त्याच्या नावाचा घास काढतो, तो आला नाही तर व्याकूळ होतो. पण तो ज्यावर बसेल ते झाड आपल्या डोळ्यांदेखत जाते आणि आपण गप्प राहतो. तिथली माणसे घास देत नाहीत, आणि दिला तर दंड करतात. कावळ्याची तर ती घरटीही काढून टाकतात, हेही सांगितले पाहिजे. पण नदी त्यांनी मोकळी केली आणि पाणमांजरे आपण होऊन घरी आली. आईची माया मला तिथे कुठे दिसली नाही. आणि तिथली शिस्त मला आमच्या गावात दिसत नाही. दोन्ही एका ठिकाणी का असू नयेत?

हे मी आईला एकदा बोलून दाखवले. तिने नेहमीप्रमाणे ऐकून घेतले. काही दिवसांनी दादाने कुठूनसे पिंपळाचे रोप आणून वस्तीच्या कडेला, रस्त्यापासून बरेच आत लावले. शेळ्यांनी खाऊ नये म्हणून आईने त्याला काट्यांचे कुंपण केले आहे आणि भांडी विसळलेले पाणी ती रोज त्याला घालते. अजून ते माझ्या गुडघ्याएवढेच आहे. त्यावर कावळा बसायला पुष्कळ वर्षे लागतील. तोवर आबांचे पान पत्र्यावरच ठेवायचे.