शेवटच्या रुपयाचा हिशेब

चि. सौ. शकूस,


तुझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी हप्त्यावर टीव्ही घेतला म्हणून परवा फोनवर जे बोललीस, ते मला झोपू देईना. "धान्याला उचल मागतात आणि टीव्ही घेतात, यांना पैशाची किंमतच नाही." शकू, हे तू बोलावंस? आपल्या नानांनी रेडिओ आणला तो महिना विसरलीस?

दिवाळीत मी मावशींबरोबर किराण्याला गेले होते. त्यांनी तेलाची मोठी पिशवी उचलली, भाव विचारला आणि लहान घेतली. तूरडाळ किलोची अर्धा किलो केली. उरलेल्या पैशांत चहाची पुडी आणि पोरीला वही. घरात डाळ जितकी जास्त, तितकी पुढच्या पावशेराची गरज कमी. तोच रुपया वहीवर अधिक कामी येतो. सगळीकडे शेवटचा रुपया सारखंच समाधान देऊ लागला की हात थांबतो. समसीमांत उपयोगिता म्हणून बारावीला मीच तुझ्याकडून घोकून घेतलं होतं ना? गोसेनने 1854 मध्ये हे मांडलं तेव्हा त्याचं पुस्तक कुणी विचारलं नाही. 1871 मध्ये जेव्हन्स आणि मेंगर यांनी सीमांत उपयोगिता पुन्हा मांडली, तेव्हा कुठे अर्थशास्त्राला जाग आली. मावशी ते रोज करतात. आपल्या हातून दोनशे रुपये इकडेतिकडे झाले तर आठवतही नाही. त्यांचा आठवडा बिघडतो. मग पैशाची किंमत जास्त कुणाला कळते?

अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांच्या 2011 च्या पुस्तकात मोरोक्कोतला एक माणूस आहे. पोटभर खायची भ्रांत, पण घरात टीव्ही. गावात काम नाही, दिवस सरत नाही. टीव्ही जेवणापेक्षा महत्त्वाचा, असं तो सांगतो. दुसऱ्याच्या समाधानाचं माप आपण बाहेरून घेऊच शकत नाही. हे मी मरेपर्यंत सांगत राहणार.

मला धास्ती आहे ती हप्त्याची. महिन्याचा आकडा लहान दिसतो, एकूण भरायची रक्कम कुणी मोठ्याने सांगत नाही. पावसाळ्यात त्या तापाने पडल्या आणि हप्ता चुकला, तर दंड किती? जामीन कोण राहिलंय? तो कागद मागून घे, दोघी बसून वाचा. उचल नाकारू नकोस. आणि आजारपणाचे खाडे कापतेस का गं? कापत असशील तर या महिन्यापासून बंद कर, आणि तसं मला कळव.

तुझी,
ताई