ग्लेनकोलमकिल : बटाट्याच्या करप्याने मोडलेले, गावकऱ्यांनी सावरलेले गाव



युरोपच्या नकाशावर अगदी पश्चिमेला, इंग्लंडच्याही पलीकडे आयर्लंड नावाचे हिरवेगार बेट आहे. त्याच्या वायव्य टोकाला डोनेगल नावाचा परगणा आणि त्यातही समुद्राला भिडलेल्या एका दरीत ग्लेनकोलमकिल हे छोटेसे गाव. आज तुम्हांला तिथे घेऊन जायचे आहे. नाव उच्चारायला अवघड, पण गावाची कथा ऐकलीत तर परकी वाटणार नाही.

किलीबेग्ज या मासेमारीच्या मोठ्या बंदरातून पश्चिमेकडे निघालात की रस्ता उजाड माळावरून जातो. झाड क्वचितच दिसते. सगळीकडे ओलसर काळी जमीन आणि तीवर चरणाऱ्या मेंढ्या. ही जमीन म्हणजे हजारो वर्षे पाण्यात अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. लोक अरुंद पात्याच्या कुदळीने तिच्या विटा कापतात, वाळवून रचून ठेवतात आणि हिवाळाभर चुलीत जाळतात. आपल्याकडे गोवऱ्यांची उडवी, तशी तिकडे घरामागे या विटांची रास. मग रस्ता उतरतो आणि समोर दरी, विखुरलेली पांढरी घरे आणि अटलांटिक महासागर दिसतो.

गावाच्या नावाचा अर्थ ‘कोलमकिलची दरी’. हे सहाव्या शतकातले डोनेगलचे संत. त्यांच्या नावाने दरवर्षी ९ जूनला इथे यात्रा भरते. दरीत ठिकठिकाणी जुने कोरीव दगड उभे आहेत. अशा पंधरा ठिकाणी प्रार्थना करत भाविक सुमारे पाच किलोमीटरची फेरी घालतात, आणि तीही परंपरेने अनवाणी. संतांच्या विहिरीजवळ प्रत्येकाने दगड वाहायचा, त्यामुळे तिथे दगडांचा मोठा ढीग साचला आहे.

आता शेतीकडे येऊ. इथे पाऊस बारमाही, ऊन थोडे, जमीन आंबट आणि पाणथळ. धान्य बेताचे. अशा जमिनीत बटाटा मात्र साधला. जमीन न नांगरता तिच्यावर समुद्रातले शेवाळ आणि शेणखत पसरायचे, त्यावर बेणे ठेवायचे आणि दोन्ही बाजूंची माती उचलून वर घालायची. उंच गादीवाफा तयार होतो, बाजूच्या चरीतून पाणी निघून जाते. पश्चिम आयर्लंडच्या डोंगरउतारांवर या जुन्या वाफ्यांच्या रेघा अजूनही दिसतात. तिथे आता कोणी लागवड करत नाही.

का करत नाही, ते सांगायला हवे. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधली बहुतेक जमीन मोठ्या जमीनदारांची होती. कुळे धान्य पिकवून आणि डुकरे पोसून खंड भरत आणि स्वतः तुकड्यावरच्या बटाट्यावर जगत. त्यातही ‘लंपर’ या एकाच भरघोस वाणावर लाखो गरिबांची भिस्त. १८४५ साली बटाट्यावर नवा रोग आला. पानांवर काळपट डाग, ओल्या हवेत पानाखाली पांढुरकी बुरशी, काही दिवसांत सगळा पाला जळालेला आणि जमिनीतले बटाटे सडलेले. खेड-मंचरच्या शेतकऱ्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. आपण ज्याला उशिरा येणारा करपा म्हणतो, तोच हा रोग. बटाट्याचे बेणे कापून लावतात, म्हणून एका वाणाची सगळी झाडे गुणाने सारखी. एक बळी पडले की सगळी पडतात.

१८४६ साली जवळजवळ सगळे पीक गेले. त्या वर्षांत धान्य, लोणी आणि जनावरे मात्र आयर्लंडच्या बंदरांतून बाहेर जातच होती. १८४७ च्या कायद्याने पाव एकरापेक्षा, म्हणजे दहा गुंठ्यांपेक्षा, जास्त जमीन कसणाऱ्या कुळाला ती सोडल्याशिवाय सरकारी मदत मिळेना. पोटासाठी जमीन सोडायची की जमिनीसाठी उपाशी राहायचे, असा तो प्रश्न होता. आपल्या कलकत्त्यातूनही त्या लोकांसाठी वर्गणी गेली होती. तरी सुमारे दहा लाख माणसे भूक आणि साथींनी मेली आणि तितकीच किंवा जास्त देश सोडून गेली. १८४१ च्या शिरगणतीत बेटाची लोकसंख्या ८१ लाखांवर होती, १८५१ मध्ये ती ६५ लाखांवर आली. आजही ती १८४१ इतकी झालेली नाही.

करप्यावर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण चालते, हे समजायला पुढे १८८० नंतरची वर्षे उजाडली. आज आयर्लंडचे हवामान खाते दमट, उबदार दिवस येताच शेतकऱ्यांना करप्याचा इशारा देते.

दुष्काळ संपला तरी डोनेगलची गळती थांबली नाही. बटाटे काढणीच्या हंगामात टोळ्याच्या टोळ्या स्कॉटलंडला जात. गरिबांची मुले मे आणि नोव्हेंबरमधल्या जत्रांत सहा-सहा महिन्यांच्या बोलीने शेतकऱ्यांकडे गडी म्हणून राहत. जो थोडा मोठा झाला तो अमेरिकेची बोट धरी. गावात म्हातारी माणसे उरू लागली.

१९५१ साली ग्लेनकोलमकिलला फादर जेम्स मॅकडायर नावाचे धर्मगुरू बदलून आले. ते डोनेगलचेच. त्यांना दिसले की इथे वीज नाही, नळाचे पाणी नाही, पक्के रस्ते नाहीत, उद्योग नाही, आणि म्हणून तरुण नाहीत. प्रार्थनेबरोबर त्यांनी कामाला हात घातला. आधी श्रमदानाने गावाचे सभागृह उभे केले. लोकांना एकत्र बसायला जागा मिळाली. मग वीज, पाणी आणि रस्ते यांसाठी सरकारदरबारी खेटे सुरू झाले. पुढे सहकारी तत्त्वावर भाजीपाला प्रक्रिया, विणकाम, मासळी आणि पाहुण्यांसाठी भाड्याची घरे असे उद्योग निघाले. लोकर घरची, हात घरचे. फक्त विक्रीची सोय लावायची होती.

सगळेच साधले असे नाही. भाजीपाल्याचा कारखाना टिकला नाही. सर्वांनी जमिनी एकत्र करून कसाव्यात ही फादरांची कल्पनाही प्रत्यक्षात उतरली नाही. शेतकऱ्याला बांध किती प्रिय असतो ते तुम्हांला मी काय सांगावे! पण एक प्रयत्न फसला म्हणून गाव हातावर हात ठेवून बसले नाही. १९८७ साली फादर वारले, तोवर गावाला स्वतःच्या पायावर उभे राहण्याची सवय लागली होती.

त्यांच्या कामातली एक गोष्ट आजही पाहायला मिळते. १९६७ साली गावकऱ्यांनी समुद्राकाठी शाकारलेली घरे बांधली. त्यांतली तीन घरे अठराव्या, एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातल्या राहणीची. छप्पर वाऱ्याने उडू नये म्हणून वरून दोर ताणून भिंतीतल्या खुंट्यांना बांधलेले. आत चूल, भांडी, चरखा, अवजारे, सगळी त्या त्या काळची. एका घरातून दुसऱ्यात जाताना पिढ्यांचे कष्ट डोळ्यांपुढे उभे राहतात. ज्या दारिद्र्याची लाज वाटून लोक गाव सोडत, तेच आता पाहुणे तिकीट काढून पाहतात आणि त्यातून गावातल्या माणसांना काम मिळते. १९८४ मध्ये आयरिश भाषा आणि संस्कृती शिकवणारी संस्थाही इथे सुरू झाली. जी बोली मागासपणाची खूण समजली जाई, ती शिकायला देशोदेशीचे लोक येतात.

गाव करी ते राव न करी, ही आपली म्हण या गावाने आपल्या परीने खरी केली. शेतीचा माणूस म्हणून मला त्यातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. घराचा सगळा भार एका पिकावर आणि एका वाणावर टाकू नये; बांधावर कडधान्य, दारात दोन शेळ्या किंवा कोंबड्या असू द्याव्यात. आणि दुसरी म्हणजे आपल्या माळ्यावर पडलेली तिफण, मोटेची सोंदूर, आजीचे जाते भंगारात घालण्यापूर्वी एकदा विचार करावा. शाळेच्या एका खोलीत ती मांडून ठेवली आणि वापरणाऱ्याचे नाव खाली लिहिले, तरी मुलांना कळेल की आपण कोणाच्या कष्टावर उभे आहोत.